मदत हवी आहे: ओठांवरची लव आणि हनुवटीचे केस घरच्या घरी कसे काढावेत?

सागरगोटी: वय २६, त्वचा तेलकट. वरच्या ओठावर दाट लव, हनुवटीखाली मोजकेच पण जाड केस. पार्लर तालुक्याला, सारखं जाणं जमत नाही. गणपतीआधी घरीच करायचंय. साखर-लिंबाचा पाक कधी दाणेदार होतो, कधी त्वचेलाच चिकटून बसतो. कुठे चुकतंय? आणि बेसन-हळदीने केस जातात का?

रातांबा: दाणेदार होतो म्हणजे लिंबू कमी पडलं किंवा उकळी आल्यावरही ढवळत राहिलात. १ वाटी साखर, २ टेबलस्पून पाणी, २ टेबलस्पून लिंबाचा रस, जाड बुडाचं पातेलं, मंद आच. साखर विरघळेपर्यंतच ढवळा, पुढे चमचा बाजूला. रंग तांबूस झाला की थेंब गार पाण्यात टाकून बघा. मऊ गोळी वळली की लगेच उतरवा. एकतारीवर उतरवलात तर चिकटणारच. उलट फार कडक झाला तर चमचाभर पाणी घालून पुन्हा गरम करा.

श्रावणातल्या आपल्या दमट हवेत चांगल्या पाकालाही पाणी सुटतं. म्हणून घट्ट झाकणाची बरणी हवी. चेहरा धुऊन कोरडा करा, तांदळाच्या पिठीचा हलका हात फिरवा आणि पंख्याखाली बसा. घाम आला की गोळी केस सोडून त्वचा धरते.

करवंदाएवढी गोळी घ्या, आधी मनगटावर लावून कोमट आहे ना बघा. केसांच्या वाढीच्या उलट दिशेने पसरवा आणि वाढीच्या दिशेने झटक्यात ओढा, त्वचेला लगटून, वर उचलून नाही. (पट्टीच्या वॅक्सचं बरोबर उलटं असतं, तिथेच घोळ होतो.) ओठाच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या करा, ओठ दातांवर ताणून धरा. एका जागी दोनदाच. केस तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान असतील तर थांबा, धरले जात नाहीत.

पायरी: बेसन-हळदीने मुळातून काही जात नाही. वाळलेला लेप चोळताना बारीक लव निघते तेवढीच, आणि जोरात चोळलं तर पुरळ. कच्च्या पपईचा चीक तर लावूच नका, त्वचा भाजल्यासारखी होते. लिंबू थेट चोळून उन्हात गेलात की काळे चट्टे पडतात, महिनोन् महिने जात नाहीत. केस काढल्यावर गार पाण्याचा कपडा, मग कोरफडीचा गर. खोबरेल त्या दिवशी नको, तेलकट त्वचेवर छिद्रं बुजून फोड येतात.

सागरगोटी: मुरमांसाठी रात्री ॲडॅपलीनची जेल लावते. चालेल?

रातांबा: मग पाक नको, वरची त्वचाच सोलून येईल. जेल किती दिवस आधी बंद करायची ते डॉक्टरांना विचारा. तोवर लव छोट्या कात्रीने किंवा चेहऱ्याच्या ट्रिमरने कापा. कापल्याने केस जाड होत नाहीत, टोक बोथट होतं म्हणून खरखरीत लागतात.

कातळसडा: हनुवटीच्या जाड केसांबद्दल कुणी बोललं नाही. पाळी पुढे-मागे होत असेल, वजन वाढत असेल किंवा असे केस छाती-पोटावरही येत असतील तर पीसीओएस (अंडाशय आणि हार्मोनचा बिघाड) असू शकतं. तसं असेल तर घरच्या उपायांनी काढले तरी ते केस येतच राहतील. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन हार्मोनची तपासणी आणि सोनोग्राफी करायची का विचारा. यातलं काहीच नसेल तर मोजके केस चिमट्याने काढले तरी पुरे, चिमटा स्पिरिटने पुसून घ्या.