कोल्हापूर ते परदेश: घरातून निघाल्यापासून किती तास लागले? अनुभव लिहा

तिकिटावरचे तास सगळ्यांना दिसतात. पण पहिल्यांदा पोराकडं निघालेल्या आईवडिलांना दारापासून दारापर्यंतचा वेळ माहीत पाहिजे. तुमचा अनुभव लिहा, कुणाच्या तरी आईच्या उपयोगी पडेल.

राजारामपुरी: लेक न्यू जर्सीत असते. मुंबई-न्यूयॉर्क साधारण १२,५०० किमी, थेट विमानाला जाताना १६ तासांच्या आसपास आणि येताना १४-साडेचौदा. ह्यांना पटेना, अंतर तेवढंच तर वेळ कमी कसा. वर १०-१२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचं वारं असतंय, येताना ते पाठीमागून मिळतं म्हणून. आम्ही रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघतो, दुसऱ्या दिवशी मुंबईत नणंदेकडं आराम आणि मध्यरात्रीनंतरचं विमान, म्हणजे कुलूप लावल्यापासून लेकीच्या दारात जाईपर्यंत जवळजवळ दोन दिवस जातात.

शिरोली एमआयडीसी: फाउंड्रीच्या कामासाठी जर्मनीला जाणं असतं. मुंबई-फ्रँकफर्ट साडेसहा हजार किमी, नऊ तासांच्या आत-बाहेर. आणि कोल्हापूर-मुंबई पावणेचारशे किमीला गाडीनं सात-आठ तास, हायवेचं काम आणि पुण्याजवळचं ट्रॅफिक धरून बघा की! माझं मत स्पष्ट आहे, उजळाईवाडीहून मुंबईचं विमान वेळेत जुळत असेल तर तेच घ्या, तासाभरात पोचवतंय. फक्त पुढच्या विमानाच्या आधी भरपूर वेळ ठेवा, पावसाळ्यात तर जास्तच.

उचगाव: भाऊ सॅन फ्रान्सिस्कोला. आम्हाला बेंगळुरू बरं पडतं, रात्रीची बस की सकाळी तिथं. बेंगळुरू-सॅन फ्रान्सिस्को सुमारे १४,००० किमी. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका पश्चिमेला दिसते, पण पृथ्वीगोलावर दोन्ही गावांमध्ये दोरा ताणून धरा, तो उत्तर ध्रुवाच्या बाजूनं जातोय. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या महिला वैमानिकांनी ह्याच मार्गावरचं पहिलं विमान ध्रुवावरून आणलं, कॅप्टन झोया अगरवाल प्रमुख होत्या. लई अभिमान वाटला होता तेव्हा. आणि २०१६ मध्ये दिल्लीचं विमान सॅन फ्रान्सिस्कोला अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला लागले, तर १३,९०० ऐवजी १५,३०० किमी उडूनही वेळ वाचला, वाऱ्यामुळंच. म्हणून नुसते किलोमीटर बघून तिकीट काढू नका.

रंकाळा: मी थेट विमानाच्या बाजूची नाही. आईचे गुडघे दुखतात, सोळा तास एका जागी बसणं तिला झेपत नाही. दोहाला उतरून चार तास थांबली, पाय मोकळे केले, गरम काहीतरी खाल्लं, एकूण वेळ जास्त लागला पण माणूस धड पोचलं. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा.

कागल: तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात, दोन्हीची सरळ वजाबाकी करू नका. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं, हिवाळ्यात साडेदहा. शुगर-बीपीच्या गोळ्या कधी घ्यायच्या ते निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या, आणि गोळ्या हातातल्या बॅगेतच ठेवा.