मदत हवी आहे: पायथॉनमधील सिंटॅक्स एरर आणि वाढत गेलेल्या एकाच फाइलची विभागणी

नमस्कार.

कोथरूडमधील आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार या नात्याने देखभाल शुल्काची मासिक बिले तयार करण्याचे काम माझ्याकडे आहे. पूर्वी हे काम एक्सेलमध्ये चालत असे. निवृत्तीनंतर पायथॉन शिकायला घेतले, तेव्हा सरावासाठी हाच विषय निवडला आणि आता टीकेइंटर (पडद्यावर खिडक्या व बटणे दाखवणारे पायथॉनचे साधन) वापरून एक लहानसे ॲप उभे राहिले आहे. त्यात सेवा शुल्क सर्व सदनिकांना समान लागते, पाणी शुल्क नळजोडांची संख्या व आकार पाहून विभागले जाते, भाड्याने दिलेल्या सदनिकांना सेवा शुल्काच्या १० टक्के बिनभोगवटा शुल्क लागते आणि थकबाकीवर द.सा.द.शे. २१ दराने सरळव्याज आकारले जाते. हिशेब बरोबर येतात. अडचणी दोन आहेत.

संस्थेच्या कार्यालयातील संगणकावर विंडोज ७ असल्यामुळे तेथे पायथॉन ३.८ च्या पुढची आवृत्ती चालत नाही. काही बदल केला की बहुतेक वेळा ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’ (वाक्यरचना अवैध) एवढाच संदेश येतो आणि त्यात दाखवलेली ओळ कितीही न्याहाळली तरी निर्दोष दिसते. सध्या संदेशातील चुकीची जागा दाखवणारा बाण जेथे येतो, त्या ओळीत ‘एकूण’ या व्हेरिएबलला शून्य किंमत देण्यापलीकडे काहीही नाही. काही ओळींवर मात्र ‘इनव्हॅलिड कॅरॅक्टर इन आयडेंटिफायर’ (नावात अवैध अक्षर) असा वेगळा संदेश येतो. मी थकबाकी, नळसंख्या अशी मराठी नावे ठेवली आहेत, म्हणून प्रथम संशय त्यांच्यावर गेला; परंतु तीच नावे इतर ओळींत विनातक्रार चालतात. या ओळी मी समितीच्या टिपणाच्या दस्तऐवजातून चिकटवलेल्या आहेत, एवढाच फरक आहे.

दुसरी अडचण मांडणीची आहे. संपूर्ण ॲप एकाच फाइलमध्ये असून ती सुमारे ९०० ओळींची झाली आहे. सभासदांची यादी सर्वांत वर ग्लोबल (सर्व फंक्शनांना खुली) ठेवलेली असून अनेक फंक्शने तिच्यात परस्पर बदल करतात. फाइलचे तुकडे करून पाहिले, तेव्हा आकारणीच्या फाइलला खिडकीची फाइल हवी आणि खिडकीच्या फाइलला आकारणीची, असा पेच निर्माण झाला. शिवाय नोंदी वाचणाऱ्या फाइलला ‘सीएसव्ही’ हे नाव दिल्यापासून त्या मॉड्यूलमध्ये ‘रीडर’ नावाचे काहीच नाही, अशी तक्रार पायथॉन करू लागला आहे. मला तयार कोड नको आहे. चूक कशी शोधावी आणि तुकडे कोणत्या रेषेवर पाडावेत, हे जाणकारांनी समजावून सांगितल्यास उपकृत होईन.

प्रतिसाद

काका, नमस्कार. सिंटॅक्सबद्दल मी लिहितो. मांडणीबद्दल येथे माझ्यापेक्षा अधिक अनुभवी मंडळी आहेत.

बाण दाखवतो तेथेच चूक झालेली असते असे नाही, पुढे वाचणे जेथे अशक्य झाले ती जागा तो दाखवतो. वरच्या ओळीतील एखादा कंस उघडाच राहिला असेल, तर पायथॉनच्या दृष्टीने ते वाक्य संपलेलेच नसते, म्हणून तो खालची ओळ त्याच वाक्यात जोडून वाचू पाहतो आणि ‘एकूण’ या शब्दापाशी अडखळतो. त्यामुळे निर्दोष ओळीवर बाण आला की थेट वर सरकावे आणि लागोपाठच्या दोन-तीन ओळींतील कंस मोजावेत. बहुतेक वेळा शोध तेथेच संपतो. पायथॉन ३.१० पासून, म्हणजे २०२१ पासून, हाच प्रकार ‘अमुक कंस बंद झालेला नाही’ अशा स्पष्ट शब्दांत सांगितला जातो आणि बाणही उघड्या कंसावरच येतो. घरी नवा संगणक असेल तर लेखन तेथे करावे आणि कार्यालयात केवळ चालवावे. मात्र एक पथ्य पाळावे लागेल: ‘मॅच’ची (किमतीनुसार कृती निवडण्याची) रचना ३.१० मध्ये आली, आणि एफ-स्ट्रिंगच्या (ज्यात किमती थेट भरता येतात अशा मजकुराच्या) आत बाहेरच्याच प्रकारचे अवतरणचिन्ह पुन्हा वापरण्याची मुभा ३.१२ मध्ये मिळाली. या दोन्ही गोष्टी घरी सुरळीत चालतील आणि कार्यालयात सिंटॅक्स एरर देतील.

आता आयडेंटिफायरचा संदेश. पायथॉन ३ मध्ये देवनागरी नावे पूर्णपणे वैध आहेत, त्यामुळे आपली थकबाकी निर्दोष आहे. दस्तऐवज लिहिण्याचे प्रोग्रॅम सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हे घालतात आणि पायथॉनला ती ओळखता येत नाहीत. दुसरी शक्यता मराठी कळफलकाची. कोडमध्ये व्याजाचा दर देवनागरी अंकांत २१ असा टाइप झाला तरी हाच संदेश येतो. गंमत अशी की, सभासदाने खिडकीतील चौकटीत देवनागरी २१ लिहिले आणि ते ‘इंट’ला (मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या फंक्शनला) दिले, तर त्याचा आकडा बिनबोभाट होतो, बंधन केवळ कोडमध्ये लिहिलेल्या आकड्यांवर आहे. तिसरा संशयित म्हणजे न दिसणारा जोडक, जो काही कळफलक जोडाक्षरे लिहिताना मध्येच घालतात. तो नावात चालत नाही आणि डोळ्यांना दिसतही नाही, म्हणून संशयित नाव खोडून हाताने पुन्हा टाइप करणे हाच सोपा मार्ग.

ओळींचा समास बिघडल्याचा संदेश येत असेल, तर टॅब आणि स्पेस यांची सरमिसळ तपासावी. पेप ८ या लेखनसंकेतानुसार चार स्पेस वापरतात आणि आयडल हा संपादक तेच करतो. नोटपॅड टॅब घालतो.

प्रतिसाद

मांडणीविषयी लिहितो. सीएसव्हीचा प्रश्न किरकोळ आहे. पायथॉन मॉड्यूल शोधताना चालवलेल्या फाइलच्या फोल्डरमध्ये आधी पाहतो, त्यामुळे आपल्या फाइलने पायथॉनसोबत येणाऱ्या त्याच नावाच्या मूळ मॉड्यूलची (तयार फाइलची) जागा अडवली आहे. तिला ‘नोंदी’सारखे नाव दिले की तक्रार थांबेल.

खरा प्रश्न आकारणीला खिडकी कशासाठी हवी, हा आहे. माझा अंदाज असा की, आकडा चुकीचा आला तर आकारणीचे फंक्शन स्वतःच संदेशाची चौकट उघडत असावे. हे काम त्याचे नाही. त्याने चूक कळवणारी एरर उचलावी किंवा उत्तर परत करावे. ते कसे दाखवायचे, हे खिडकीने ठरवावे. मग आयातीची (एका फाइलने दुसरी वापरायला घेण्याची) दिशा एकच राहते: खिडकी आकारणीला आणि नोंदींना ओळखते, त्या दोघी खिडकीला ओळखत नाहीत. फाइली किती कराव्यात, यापेक्षा ही दिशा मला अधिक महत्त्वाची वाटते. ती सांभाळली तर तीन फाइली पुरतात, आणि ती नसेल तर दहा करूनही गुंता राहतो.

ग्लोबल यादीही याच ओघात जाईल. फंक्शनला यादी पॅरामीटर (बाहेरून पुरवलेली किंमत) म्हणून द्यावी आणि बदल करण्याचा अधिकार एकाच ठिकाणी ठेवावा. पण सर्व फंक्शने एकदम हलवू नयेत. प्रथम व्याजाचे एकच फंक्शन नव्या फाइलमध्ये न्यावे आणि ६,००० रुपये थकबाकीवर एका महिन्याचे व्याज १०५ रुपये येते का, हे खिडकी न उघडता तपासावे. ते जमले की पुढचे. प्रत्येक हलवाहलवीनंतर ‘पाय कंपाइल’ मॉड्यूलने त्या फाइलची तपासणी केल्यास ॲप न चालवताही सिंटॅक्सची चूक कळते.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ‘एकूण’च्या वरच्या ओळीत खरोखरच एक कंस उघडा होता, आणि चिकटवलेल्या ओळींत वळणदार अवतरणचिन्हे सापडली. व्याजाचे फंक्शन आता वेगळ्या फाइलमध्ये आहे. परंतु ते आजची तारीख स्वतःच घेत असल्यामुळे काल आलेले उत्तर आज पडताळता येत नाही. महिने मोजण्याचे काम त्याच्याकडून काढून घ्यावे काय?

प्रतिसाद

मोजणी तेथेच असू द्या. तारीख मात्र बाहेरून द्या. देय तारीख आणि हिशेबाची तारीख असे दोन पॅरामीटर करा आणि ‘आज’ कोणता, हे खिडकीच्या फाइलला ठरवू द्या. मागील महिन्याचे बिल पुन्हा छापायची वेळ आली, तरी तेच फंक्शन जुनी तारीख देऊन वापरता येईल.