पोस्टग्रेस डेटाबेस: आडनावाच्या शोधात 'जवळचे' किती जवळचे धरावे?

प्रश्न (नोंदवही)
आडनावांचा रकाना देवनागरीत, शोध पीजी_टीआरजीएमच्या (शब्दांचे तीन-तीन चिन्हांचे तुकडे पाडून साम्य मोजणारे एक्स्टेंशन) टक्का-ऑपरेटरने (%). साम्याची किमान मर्यादा (० ते १ मध्ये) ०.३ ठेवली तर 'पाटिल'वर 'पाटील' जेमतेम येतो. काही जोड्या निसटतात म्हणून ०.२ केली, तर 'माने' शोधताना 'मोने' येतो. नेमका आकडा किती ठेवावा?

उत्तर (जिन_इंडेक्स)
आकड्याने हे सुटणार नाही. पाटील-पाटिल यांचे ९ पैकी ३ तुकडे समान, म्हणजे ०.३३. माने-मोने ८ पैकी २, म्हणजे ०.२५. पहिली जोडी एकच नाव, दुसरी दोन वेगळी माणसे, आणि मधली फट एवढीशी. लेव्हेनश्टाइन (किती चिन्हे बदलली की एक शब्द दुसरा होतो, ते अंतर) लावलेत तर दोन्हीकडे अंतर १!

आधी लेखनभेद मिटवा. वेगळा शोध-रकाना करा: एनएफसी नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या प्रकारे साठवलेले एकच अक्षर एकसारखे करणे; पोस्टग्रेस आवृत्ती १३ पासून), झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे (अक्षरे जोडणारे आणि जोडू न देणारे अदृश्य वर्ण) काढणे, दीर्घ ई-ऊ आणि त्यांच्या मात्रा ऱ्हस्व करणे, त-थ-द-ध यांच्या आधीच्या 'न्'चा आणि प-फ-ब-भ यांच्या आधीच्या 'म्'चा अनुस्वार करणे. शोधशब्दही याच फंक्शनमधून न्या. हे हमखास राहून जाते. मग पाटिल आणि पाटील तंतोतंत जुळतात, शिन्दे आणि शिंदेही. मर्यादा उरते ती फक्त टंकनचुकांसाठी, ०.३ पुरते.

उत्तर (हलन्त)
त्याआधी शो_टीआरजीएम चालवून तुकडे बघा. डेटाबेसचा लोकेल (भाषेची सेटिंग) 'सी' असेल तर देवनागरीचा एकही तुकडा मिळत नाही. युनिकोडच्या वर्गवारीत मात्रा वर्णांत मोडतात, हलन्त (पाय मोडण्याची खूण) मोडत नाही. त्यामुळे काही ठिकाणी शब्द जोडाक्षरापाशी तुटतो आणि गुण भलतेच येतात. 'गोऱ्हे'मधला ऱ्ह तर दोन प्रकारे साठवलेला सापडतो: नुक्त्याचा ऱ, किंवा साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे. दुसरा प्रकार पहिल्यात बदलून घ्या, आणि तो झेडडब्ल्यूजे काढण्याच्या आधी. नाहीतर उरतो नुसता रफार.

उत्तर (जिन_इंडेक्स)
बरोबर, तो क्रम महत्त्वाचा. आणखी एक: सिमिलॅरिटी फंक्शन थेट क्वेरीच्या व्हेअर अटीत लिहिले तर इंडेक्स वापरला जात नाही, ऑपरेटरच हवा. अंतरानुसार क्रम इंडेक्सवरूनच हवा असेल तर जिन नाही, जिस्ट (दोन्ही इंडेक्सचे प्रकार). रकान्यात पूर्ण नाव असेल तर वर्ड_सिमिलॅरिटी (शोधशब्दाची तुलना मजकुराच्या सर्वांत जुळणाऱ्या भागाशी करणारी). तिची मूळ मर्यादा ०.६.

निकालात तंतोतंत जुळलेले वर, अंदाजाने आलेले खाली, वेगळ्या मथळ्याखाली. ग्राहक क्रमांक आणि फोन यांना अंदाज लावूच नका.