टेक्स्ट ॲरे: आहे तिथेच साफ करावा की वेगळं टेबल काढावं?

गोदाकाठ: निफाड-येवल्याकडच्या कांदा उत्पादकांची यादी आमच्याकडे पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहे. कोण कुठला कांदा लावतो, ते एकाच टेक्स्ट ॲरे कॉलममध्ये, म्हणजे एका शेतकऱ्याच्या एकाच रकान्यात नावांची अख्खी यादी. काल एक ओळ उघडली: उन्हाळ, पोळ, उन्हाळ, रांगडा, पोळ. दोन नावं दोनदोनदा! माझं मत, यासाठी नवं टेबल हा नसता उद्योग. अननेस्टने ॲरे एकेका ओळीत सोडवा, डिस्टिंक्टने डुप्लिकेट काढा, ऑर्डर बायने क्रम लावा, परत ॲरेत भरा. ट्रिगरमध्ये, म्हणजे नोंद बदलली की आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये, टाकून मोकळे व्हा.

सातपूरवाला: मोकळे कसले? कुणीतरी ट्रिगर बंद करून एक्सेल ओतणार आणि पुन्हा पोळ दोनदा. वेगळ्या टेबलात शेतकरी आणि कांदा मिळून प्रायमरी की करा, तीच जोडी दुसऱ्यांदा घालताच येत नाही, डुप्लिकेट दारातच अडतो. शिवाय ॲरेतल्या घटकाला फॉरेन की, म्हणजे ‘दुसऱ्या टेबलात असलेलंच नाव चालेल’ अशी अट, लागत नाही. ‘उन्हाळ’ आणि ‘उन्हाळी’ दोन्ही सुखाने नांदतील, तुमचं डिस्टिंक्ट बघत बसेल.

गोदाकाठ: उन्हाळीचा मुद्दा मान्य. पण ॲरेच्या आतलं शोधून देणाऱ्या जीआयएन इंडेक्सवर ‘रांगडावाले सगळे’ लगेच मिळतात, दोन टेबलं जोडणारा जॉइन कशाला? आणि पोस्टग्रेसच्या १८व्या आवृत्तीत ॲरे_सॉर्ट आलंय.

मखमलाबादची: ते नुसता क्रम लावतं, डुप्लिकेट तसेच राहतात. आणि मुळात अक्षरक्रम हवाय कुणाला? त्यात उन्हाळ पहिला येतो. शेतात आधी पोळ निघतो, मग रांगडा, उन्हाळ सगळ्यात शेवटी. माझे सासरे ही यादी बघून हसतील. ईनम करा, म्हणजे ठरवून दिलेल्याच किंमती घेणारा टाइप, त्याचा क्रम आपण मांडू तसा राहतो, आणि ‘उन्हाळी’ आत येतच नाही.

सातपूरवाला: ईनममध्ये घातलेली किंमत नंतर काढता येत नाही, टाइपच नवा करावा लागतो. म्हणून म्हणतो, जातींचं छोटं टेबल, त्यात हंगामाचा क्रमांक. फिरून तिथेच आलात.

गोदाकाठ: टेबल नाही म्हणजे नाही! पण रात्री घोळ झाला, सांगतो. ओळी गोळा करून ॲरे बनवणारं ॲरे-ॲग वापरून अपडेट मारला तर रिकाम्या याद्या नल, म्हणजे ‘माहितीच नाही’, झाल्या. ‘यंदा कांदा नाही’ आणि ‘विचारलंच नाही’ एकच होऊन बसलं. बॅकअप होता म्हणून वाचलो. आता ॲरे कन्स्ट्रक्टरच्या कंसात सिलेक्ट लिहिलंय, रिकामी यादी रिकामीच राहते.

मखमलाबादची: आणि जी आधीच नल होती ती? तुमच्या नव्या क्वेरीत तीसुद्धा रिकामी होते. इज नॉट नल लावलंय ना?

गोदाकाठ: …थांबा, लावतो.