गुडघेदुखीला ‘करंट’ लावावा की नाही?

कपाशीचं_रान (धागाकर्ता)
दर्यापूरकडे वेचणी सुरू आहे आणि गावात निम्म्या बायका गुडघे धरून बसल्यात. माझ्या आईने तालुक्याला जाऊन दहा दिवस करंट (दुखऱ्या जागी मशीनने दिलेली सौम्य वीज) घेतला. चार पॅड लावून पंधरा मिनिटं पडायचं, पैसे द्यायचे, एसटी पकडायची. दहा दिवसांत एकही व्यायाम कुणी शिकवला नाही. अकराव्या दिवशी गुडघा होता तिथेच. माझं मत: गुडघ्याच्या झिजेला ही मशीन लावूच नये. कोणता उपचार द्यावा हे डॉक्टरांना सांगणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२२ मध्ये झिजेसाठी टेन्स, आयएफटी वगैरे करंटचे प्रकार देऊ नका, फायद्याचा पुरेसा पुरावा नाही, असं सांगितलंय. व्यायाम मात्र प्रत्येकाला द्या म्हणतात.

वेचणीवाली_सून
मले हे पटत नाही भाऊ. माह्या सासूबाईचे दोन्ही गुडघे गेले हायेत, राती कण्हत असतात. करंट लावला का दोन-तीन घंटे बरं वाटते, तेवढ्यात डोळा लागते. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईले ते दोन घंटे काहून नाकारायचे? गोळ्या खाऊन पोटात आग पडते, ते कोण पाहते?

तालुक्यातला_फिजिओ
धागाकर्त्यांच्या रागाशी सहमत, निष्कर्षाशी नाही. करंट एकाच जातीचा नसतो. वेदनेसाठीच्या टेन्समध्ये विजेचा ठोका अगदी छोटा, ५० ते १०० मायक्रोसेकंदांचा (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग), आणि सेकंदाला ८० ते १२० ठोके. मुंग्या याव्यात, स्नायू हलू नये. स्पर्शाच्या जाड नसा जाग्या झाल्या की मज्जारज्जूतच दुखण्याच्या संदेशाला अडसर बसतो. मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलेला ‘गेट’ सिद्धांत तो हाच. आराम मशीन चालू असेपर्यंत आणि नंतर थोडा वेळ. सासूबाईंना वाटणारा आराम खोटा नाही, पण त्याने झीज भरून येत नाही.

आईला चार पॅड लावले म्हणजे बहुधा आयएफटी: सेकंदाला ४००० आणि ४१०० आवर्तनांचे (हर्ट्झचे) दोन प्रवाह आत एकमेकांना छेदतात, तिथे दोन्हींच्या फरकाइतका, सेकंदाला १०० चा ठोका तयार होतो. इतक्या वेगाच्या प्रवाहाला कातडी कमी अडवते, म्हणून तो सोसवतो.

मांडीचा स्नायू वठला असेल तर गणित वेगळं. ठोका २०० ते ४०० मायक्रोसेकंद, सेकंदाला ३५ ते ५०, स्नायू दिसेल असा आवळला पाहिजे. दहा सेकंद चालू, पन्नास बंद. मशीन पुन्हा पुन्हा त्याच तंतूंना कामाला लावते, ते लवकर थकतात, म्हणून एवढी विश्रांती. आणि रुग्णाने स्वतःही सोबत मांडी आवळायची.

पांदणरस्ता
‘लावूच नये’ हा शब्द मागे घ्या. वडिलांना लकवा झाला, पाऊल लटकायचं, चप्पल घासत चालायचे. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला पॅड लावून, पाऊल उचलायच्या वेळी ठोका देत चालायला शिकवलं. लिबरसन नावाच्या डॉक्टरांनी १९६१ मध्येच ही युक्ती दाखवली होती. आज बाबा पारापर्यंत एकटे जातात.

कपाशीचं_रान
मी गुडघ्याच्या झिजेबद्दल बोललो, लकव्याबद्दल नाही. आईला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. कोणता प्रवाह, कशासाठी, किती दिवस, हे विचारायला आमच्या माणसाची जीभ रेटत नाही.

वेचणीवाली_सून
मग घरीच मशीन आणली तर चालते काय? सासूबाईले शुगर हाये.

तालुक्यातला_फिजिओ
आधी तपासून घ्या. शुगरमुळे पाय बधिर झाले असतील तर किती वाढवलं ते कळतच नाही, कातडी भाजते. पॅड लहान किंवा अर्धा सुटलेला असला तर सगळा प्रवाह तेवढ्याच जागी एकवटतो, तेव्हाही तेच. पेसमेकर असेल तर नाहीच. गळ्याच्या पुढच्या बाजूला, गरोदर बाईच्या पोटावर, कॅन्सरच्या जागी किंवा शिरेत रक्ताची गाठ झालेल्या पायाला लावायची नाही.

वेचणीवाली_सून
अन् व्यायाम कवा करायचा? सकाळी वावरात, संध्याकाळी चूल.

तालुक्यातला_फिजिओ
रात्री खाटेवर पाय लांब करून. गुडघ्याखाली टॉवेलची वळकटी ठेवा, पाच मोजेपर्यंत खाली दाबा, सोडा. असं दहा वेळा. करंट घेऊन आल्यावर दुखणं कमी असतं, त्याच वेळेत केलं तर जास्त जमतं.

कपाशीचं_रान
आईकडून आज रात्रीच करून घेतो. ‘लावूच नये’ मागे घेतलं. पण दहा दिवस पैसे घेऊन ही टॉवेलची वळकटी कुणी सांगू नये, हा राग माझा जात नाही.