अण्णांच्या पाठीत वेल्क्रो उघडल्यासारखा आवाज येतोय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही करवीर तालुक्यातले. अण्णा म्हणजे माझे वडील, ६३ वर्षांचे, बिडीला कधी शिवले नाहीत. पंचवीसएक हंगाम गुऱ्हाळावर चुलवाणात (रस उकळायच्या मोठ्या चुलीत) उसाची वाळकी चिपाडं सारायचं काम केलंय. चैत्रात जोतिबाचा डोंगर चालत चढलेला माणूस आता माडीच्या जिन्यात दोनदा टेकतो. चार महिने कोरडा खोकला आहे.

गावातल्या डॉक्टरांनी धुराचा दमा म्हणून पंप दिला, तीनदा अँटिबायोटिक झाली. काडीचा फरक नाही.

सोमवारी शहरातल्या छातीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पाठीला अगदी खाली, दोन्ही बाजूंना स्टेथोस्कोप लावला. खोल श्वास घ्या, खोका, परत घ्या. मग नळी माझ्याच कानात दिली. श्वास आत जाता जाता शेवटी चर्रर्र, बुटाचा वेल्क्रो सावकाश उघडावा तसं. खोकल्यावरही तसंच.

दम्यात शिट्टी वाजते, जास्त करून श्वास सोडताना, कारण नळ्या आवळलेल्या असतात. कफाची घरघर खोकल्यावर बदलते किंवा जाते. अण्णांचा आवाज म्हणजे मिटलेल्या बारीक नळ्या फटकन उघडतात तो, असं त्यांनी समजावलं. फुफ्फुस कडक होत असलं की येतो; न्यूमोनियात किंवा हृदय कमजोर होऊन फुफ्फुसात पाणी साठलं तरी येतो. अण्णांना ताप नाही, पायाला सूज नाही. एचआरसीटी (फुफ्फुसाचा बारकाईचा सीटी स्कॅन), इको (हृदयाची सोनोग्राफी), थुंकी आणि फुंकून करायची तपासणी लिहून दिलीय.

जळण कसलं, हे त्यांनी खोदून विचारलं. भिजून बुरशी धरलेल्या चिपाडाच्या धुळीनंही फुफ्फुसाला सूज येते आणि वर्षानुवर्षं ती छातीत जात राहिली तर फुफ्फुस कडक होऊ शकतं म्हणे. पावसानं भिजलेला ढीग उपसताना उडणारी धूळ मी लहानपणी बघितलीय. अण्णा तोंडाला टॉवेल गुंडाळून आत शिरायचे. आम्ही मात्र इतकी वर्षं धुरालाच दोष देत बसलो.

कुणाच्या घरी असं निदान झालंय का? धुळीपासून लांब राहिल्यावर त्रास थांबला का? एचआरसीटी कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, सीपीआरला केली असेल तर नंबर किती दिवसांनी लागला?

आणि खरी अडचण पुढं आहे. गणपती झाले, दिवाळीच्या आसपास गुऱ्हाळं पेटतील. मालकाचा निरोप येऊन गेलाय. अण्णा म्हणतात, "नुस्तं बसून काय करू रं?" रिपोर्ट येईपर्यंत तरी त्यांना घरी कसं थांबवू? तुम्ही कुणी थांबवलं असेल तर काय सांगून थांबवलं, ते लिहा.