पाडलेल्या घरांचं सामान कुठं गेलं? (बेळगाव-सीमाभाग अनुभव धागा)

मंडळी, बेळगावात वाडा उतरवला की फोटो फिरतात, चार दिवस हळहळ होते. मला दुसरंच विचारायचंय. त्याच्या तुळया, दारं, कौलं, दगड गेले कुठं? घरचं असो नाहीतर गावातलं, डोळ्यांनी बघितलेलं लिहा. शहापूर, खानापूर, निपाणी, सगळीकडचं चालेल. 'जुनं ते सोनं' छापाच्या कविता मात्र नकोत.

शहापूरचा
आमचं घर विणकराचं. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात, पलीकडचं बेळगाव इंग्रजांचं. सोप्यात शिरलं की डावीकडं मागाचा खड्डा. आजोबा त्यात पाय सोडून बसायचे. धोट्याचा आवाज थांबला की आजी आतून विचारायची, "तार तुटली काय वो?" पॉवरलूम आल्यावर माग मोडीत निघाला. लाकूड थोडं चुलीत गेलं, थोडं गोठ्याला लागलं. खड्डा राहिला. त्यात आधी बटाटे ठेवत होतो, मग भाचा पडला म्हणून वडलांनी मुरूम घालून बुजवला, वर शहाबादी बसवली. आता तिथं मोबाइल रिचार्जचं दुकान भाड्यानं दिलंय. पावसाळ्यात फरशीचा तेवढाच चौकोन खचतो आणि भाडेकरू दर वर्षी भांडतो. आजोबांची गोष्ट सांगितली तर म्हणतो, ते सगळं खरं, पण भाडं कमी करा की.

किल्ल्याजवळ राहणारी
किल्ल्याचं नाव पहिलं यायला हवं होतं. रट्ट राजांच्या काळातली कमल बस्ती, म्हणजे जैन देऊळ, १२०४ ची, उभी आहे. छतातलं ७२ पाकळ्यांचं कमळ दाखवायला पाहुण्यांना नेतोच आपण. पण तटाकडं कोण बघतं? जुन्या देवळांचे कोरीव दगड त्यात चिणलेत. एका दगडावरची वेलबुट्टी चक्क उलटी आहे. गवंड्याला माप बसलं, विषय संपला. बेळगावचे त्याच काळातले दोन शिलालेख तर ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. दगड लंडनला पोचले, आमचा पासपोर्ट अजून व्हायचाय.

सध्या पुण्यात
'किर्लोस्कर रोडवर किर्लोस्करांचं काय आहे?' असं मुलानं विचारलं. १८८८ मध्ये लक्ष्मणरावांनी बेळगावात सायकलींचा धंदा काढला, पुढं चारा कापायची यंत्रं, नांगर. १९१० मध्ये सगळं औंध संस्थानात हललं, त्याची किर्लोस्करवाडी झाली. सामान तिकडं, रस्त्याची पाटी इकडं.

टिळकवाडीकर
१९२४ चं बेळगावचं काँग्रेस अधिवेशनही घ्या. गांधीजी अध्यक्ष झाले ते एवढ्या एकाच अधिवेशनाचे. मांडव तात्पुरता, तो उठला. पाण्यासाठी खणलेली विहीर तेवढी आहे. विहीर उचलून नेता येत नाही, नाहीतर तीही गेली असती!

खानापूर तालुका
आमच्याकडची माती भांड्यांची आणि कौलांची. घर उतरवलं तेव्हा कौलं चंदगडच्या मेव्हण्यानं ट्रॅक्टरमधून नेली, गोठ्यावर घातली. म्हशी सुखात आहेत. सागवानी दार एका लाकूडवाल्यानं घनफुटावर घेतलं. फुलं कोरलेली पट्टी वेगळी मोजायला तयार नव्हता, म्हणाला, नक्षीनं लाकूड कमीच होतं. पुढं पुतणीनं गोव्यातल्या एका हॉटेलातून फोटो पाठवला. दार आडवं, वर काच, काचेवर जेवणाची ताटं. कडीच्या जागेवरून आईनं ओळखलं. तिला राग आला तो विकल्याचा नाही, उंबऱ्याकडची बाजू ताटाखाली आली याचा.

निपाणीकर
खानापूरवाले, मेव्हण्याकडं कौलं उरलीत काय? माझी तंबाखूची वखार गळते. शे-दोनशे जुनी हवीत, नव्याचं माप बसत नाही.